एकवीस पुस्तकांची यादी आणि एक ग्रहण

पुस्तकं सुचवणाऱ्या माणसांची मला किळस येते. डिसेंबर संपत आला की यांचे स्टेटस सुरू होतात. 'यंदा वाचलेली पन्नास पुस्तकं.' खाली कपाटाचा फोटो. कपाटात पुस्तकांच्या पुढं ट्रॉफ्या, म्हणजे पुस्तक काढायचं तर आधी चार ट्रॉफ्या हलवाव्या लागतात, आणि ट्रॉफ्यांवरची धूळ सांगते की त्या कोणी हलवलेल्या नाहीत. विज्ञान, तत्त्वज्ञान, इतिहास असे तीन ढीग, आणि प्रत्येक पुस्तकापुढं एकच शेरा: विचार करायला लावणारं. कोणता विचार केला बाप्पा, असं विचारलं की साहेब ऑफलाइन.

अकोल्यातले एक प्राध्यापक मला चांगले माहीत आहेत. वाचनसंस्कृतीवर बोलायला त्यांच्याइतकं कोणी मोकळं नसतं. आमच्या समाजात हार-नारळाऐवजी पुस्तक द्यायची रीत आहे. कोणाची वास्तू असो, नामकरण असो, निवृत्ती असो, पुस्तक द्यायचं. रीत चांगली आहे. पण या प्राध्यापकांना सत्कारात मिळालेली पुस्तकं रंगीत कागदातून बाहेरच येत नाहीत. तशीच पुढच्या सत्काराला रवाना होतात. एकदा त्यांनी आमच्या एका कार्यकर्त्याला दिलेलं पुस्तक उघडलं, तर आत 'सप्रेम भेट' आणि खाली तिसऱ्याच माणसाची सही. एवढं फिरलेलं पुस्तक आणि पानं अजून एकमेकांना चिकटलेली.

हे सगळं मी जोरात लिहू शकतो, कारण मी यांच्यातलाच आहे. माझ्या एका यादीमुळे माझी बहीण, सहा महिन्यांची गरोदर, साखरेसाठी इन्सुलिन चालू असलेली, एका दुपारी उपाशी बसली होती. तिला जेवायला लावायला मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य तोंडातून निघायला मला अमरावतीपासून भातकुलीच्या पुढपर्यंत जावं लागलं.

आधी यादी कशी तयार झाली ते सांगतो, म्हणजे तुमच्या हातात पडणाऱ्या याद्यांकडे तुम्ही कसं पाहायचं ते ठरवाल.

मी अमरावतीत एका खासगी शिकवणीत विज्ञान शिकवतो आणि उरलेला वेळ पत्रकं लिहितो. आमचं मंडळ लहान आहे, आवाज मोठा आहे. बुवाबाजी, मुहूर्त, भूतबाधा, काहीही असो, आमचं घडीपत्रक तयार. मी अकरावीत असल्यापासून पत्रकं लिहितो, त्यामुळे माझं वाक्य लहान असतं आणि शेवटी उद्गारचिन्ह असतं. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. एप्रिलमधल्या जयंतीच्या मंडपात आम्ही दरवर्षी पुस्तकांचं दुकान लावतो. त्या वर्षी अध्यक्ष म्हणाले, "नुसती पुस्तकं विकून काय होते? लोकायले सांगतलं पायजे, कोणतं वाचायचं. यादी काढ. विज्ञान सात, तत्त्वज्ञान सात, इतिहास सात. एकवीस. पत्रकाच्या दोन्ही बाजू भरतात बरोबर."

एकवीस का, तर पत्रकाच्या दोन्ही बाजू भरतात म्हणून. हे मी आज लिहितो. तेव्हा मी मान हलवली होती.

अकोल्याच्या बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही दोघं बसलो. समोर तीन प्रकाशनांच्या सूच्या आणि पुस्तकांची एक पिशवी. अध्यक्ष नाव काढायचे, मी पुस्तक उलटं करून मलपृष्ठ वाचायचो आणि तिथल्या चार ओळींची एक ओळ करायचो. त्यात मी तरबेज होतो. 'मानवाच्या उगमाची थरारक कहाणी! वाचाच!' 'शंका घ्यायला शिकवणारं! वाचाच!' दोन तासांत एकवीस झाली. मी खरोखर वाचलेली त्यात होती, पण मधूनमधून, दाण्यांत खडे असतात तशी.

विज्ञानाच्या सातातलं एक पुस्तक आकाशाबद्दल होतं. नाव सांगत नाही. इथं छापलं तर आणखी दहा प्रती खपतील. मुखपृष्ठावर दुर्बीण, नावात 'विज्ञान', प्रस्तावनेत अंधश्रद्धेवर चांगले दोन फटके. मी प्रस्तावना आणि पहिली चाळीसेक पानं वाचली. चंद्र, पृथ्वी, सावली, सगळं व्यवस्थित होतं. यादीत लिहिलं: 'ग्रहणाविषयीचे सगळे गैरसमज दूर करणारं! प्रत्येक घरात हवं! वाचाच!'

प्रत्येक घरात हवं, असं मी लिहिलं. आणि एका घरानं ते मनावर घेतलं.

माझी ताई भातकुलीपुढच्या एका गावात दिली आहे. जावई संत्र्याच्या गाडीवर ड्रायव्हर, हंगामात शेंदूरजनाघाटकडेच जास्त असतात. घरात ताई आणि तिची सासू, जिला ताई आत्या म्हणते. ही सासू मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तिच्याबद्दल काहीही वाटलं नव्हतं, हीच मी तिच्याबद्दल केलेली पहिली चूक. सातवी शिकलेली. गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. खिचडी शिजेपर्यंत शाळेच्या कपाटातली पुस्तकं वाचायची, आणि कपाट संपल्यावर परत पहिल्यापासून. ओठ हलवत वाचते. कानावर पेन्सिलीचा तुकडा. अशा बाईला मी माझं पत्रक दिलं, तेही सहज, पिशवीत उरलं होतं म्हणून.

महिन्याभरात तिचे फोन सुरू झाले. ताईच्या फोनवरून, आणि पान क्रमांकासकट.

"भाऊ, ते तुमच्या यादीतलं दहावं. तो जो इचारवंत म्हणते की समोर खुर्ची आहे का नाही हे नक्की सांगताच येत नाही. पान अठ्ठ्याण्णव."

"हां, मावशी."

"मंग त्याले कोणी बसायले सांगतलं नाही का? बसला असता तं समजलं असतं."

मी हसलो. म्हटलं, "मावशी, त्याचा मुद्दा जरा खोल आहे."

"तेच म्हणलं. किती खोल, तेवढं सांगा."

मी वर्गात आहे, नंतर करतो, असं सांगून फोन ठेवला. दहावं पुस्तक मी उघडलेलंच नव्हतं. परत फोन आला, तेव्हा बसमध्ये आहे म्हणालो. तिसऱ्यांदा आवाज येत नाही म्हणालो. एका इतिहासाच्या पुस्तकाबद्दल तर तिनं विचारलं की लेखक पान बाराला सांगते ते पान दोनशेला कावून मोडते. मी म्हणालो, मावशी तुम्ही फार बारीक वाचता. ती म्हणाली, "मंग मोठं कसं वाचतात?" मला हसू आलं होतं, ते आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

मग ते ग्रहण आलं. दिवाळीच्या दिवसांतलं, संध्याकाळी सूर्य मावळतानाच लागणारं. आमच्या मंडळाला ग्रहण म्हणजे सण. ग्रहणात खायचं, तेही चारचौघांत, फोटो काढून. अमरावतीच्या एका मैदानावर आम्ही टेबल लावलं. काळे चष्मे वाटायला ठेवले आणि गिल्या वड्याचं, म्हणजे दह्यात भिजवलेल्या वड्यांचं, मोठं पातेलं मागवलं. बॅनर माझा: 'ग्रहण ही सावली! भीती ही बेडी! या, खा, पाहा!' वर्तमानपत्राचे दोन फोटोग्राफर साडेचारला येणार होते. अध्यक्षांनी नवा कुर्ता घातला होता.

साडेतीनला ताईचा फोन आला. आवाज बारीक.

"काय करून राहिला?"

"तयारी चालू आहे. तू पाहशील ना आज? चष्मा पाठवायचा राहिला."

"मले काही पाहायचं नाही. मी आत आहे. सकाळच्या नाश्त्यापासून काही खाल्लं नाही." थांबली. "हात थरथरून राहिले रे."

मला आधी कळलंच नाही. सकाळी इन्सुलिन घेतलं आणि दुपारचं जेवण नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर तिला बजावलं होतं की जेवणाची वेळ चुकली तर इंजेक्शन उलटं पडतं, घाम सुटेल, चक्कर येईल, बाळालाही बरं नाही. मी ओरडलोच. "काहून नाही खाल्लं? कोणी सांगतलं तुले?"

"तुया पुस्तकानं."

मागून सासूचा आवाज. "पान सांग त्याले. पान एकशे अठ्ठ्याहत्तर."

ताईनं वाचून दाखवलं. माझ्या त्या दुर्बीणवाल्या पुस्तकात, मी जिथं थांबलो त्याच्या बरंच पुढं, लेखकानं लिहून ठेवलं होतं की ग्रहणकाळात सूर्याचे काही सूक्ष्म किरण मोकळे सुटतात, शिजलेल्या अन्नात विषारी बदल होतात, आणि गर्भवतीनं दुपारपासून अन्नपाणी वर्ज्य करणं हे आपल्या पूर्वजांचं विज्ञानच होतं. प्रस्तावनेत फटके आणि पोटात हे. आमच्या देशातले असे लेखक मला चांगले माहीत आहेत. पुढच्या दारानं भूत हाकलायचं आणि मागच्या दारानं त्याला पांढरा कोट घालून आत घ्यायचं.

"ताई, ते बकवास आहे. आत्ताच्या आत्ता साखर खा."

"आत्या इचारून राहिल्या, बकवास आहे तं तू देल्लं कावून? तूच लिवलं ना, प्रत्येक घरात पायजे?"

आता बोलायचं होतं ते वाक्य. चार शब्दांचं. 'मी ते वाचलं नाही.' पण अध्यक्ष दोन हात अंतरावर उभे होते. टेबलावर माझ्याच यादीचा गठ्ठा होता, आज परत वाटायला आणलेला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चटणीची वाटी ठेवलेला. आणि माझ्या तोंडातून निघालं ते हे:

"त्याचा संदर्भ वेगळा आहे."

"संदर्भ मंजे काय? खरं का खोटं तेवढं सांग."

"मी येतो. तोवर तू साखर खाऊन घे."

"तू ये," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. तिनं साखर खाल्ली नाही, हे मला फोन ठेवण्याच्या आवाजावरूनच समजलं.

अध्यक्षांना सांगितलं, बहिणीला बरं नाही. ते म्हणाले, "फोटोपर्यंत तरी थांब." त्या माणसाचं हे वाक्य मी विसरणार नाही. पण न्यायानं सांगायचं तर, माझं 'संदर्भ वेगळा आहे' त्याच्याहून वाईट होतं. त्यांना माहीत नव्हतं काय झालं आहे. मला माहीत होतं.

गाडीवर बसलो. खांद्यावर चष्म्यांची पिशवी तशीच राहिली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, सोयाबीनच्या सुड्या रचून ठेवलेल्या, आणि मी रस्ताभर भाषण तयार करत होतो. चंद्राच्या सावलीत किरण कमी होतात, वाढत नाहीत. अन्नाला काय कळते वर काय झालं ते. मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन. पत्रकवाल्याचं डोकं असंच चालते. घर जळत असलं तरी आधी शीर्षक सुचते.

पोहोचलो तेव्हा ताई खाटेवर कुशीवर पडलेली. कपाळावर घाम, ओठ पांढरे. सासू उशाशी, पदरानं तिचं कपाळ पुसत होती. मांडीवर पुस्तक. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत, भाषण सुरू केलं. सावली, किरण, पृथ्वी, चंद्र. हातांनी गोळे करून दाखवले. सासूनं सगळं ऐकलं. मला अडवलं नाही. मग म्हणाली,

"हे तुमी सांगता. चांगलं सांगता. पण हे पुस्तक तुमच्याच यादीतलं आहे. मंग मी आजचे तुमी खरे मानू का यादीतले तुमी खरे मानू?"

"मावशी, यात वाद घालायचा वेळ नाही."

"वाद कुठी घालून राहिली? आमच्या घरात ग्रहण छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलं, भाऊ. माया मायनं सांगतलं होतं, अख्ख्या गावासमोर ओट्यावर बसून भाकर खाल्ली होती तिनं ग्रहणात, मी पोटात असतानी. तुमच्या जावयाच्या वक्ताले, तो पोटात असतानी, मीबी खाल्ली. एखाद्या महाराजानं सांगतलं असतं तं मी त्याले चुलीतलं लाकूड दाखवलं असतं. पण हे विज्ञान म्हणून आलं. तुमी देल्लं. मले वाटलं, तवा आपल्याले मालूम नव्हतं, आता शोध लागला असन. शोध लागला की बदलायचं असते, हे तुमीच लिवता ना तुमच्या कागदावर?"

आम्ही पत्रकातून तीन पिढ्यांचं ग्रहण काढल्याच्या गप्पा मारतो. त्या बाईनं ते स्वतः सोडलं होतं, आणि मी, मलपृष्ठ वाचणारा मी, ते परत तिच्या घरात आणून ठेवलं होतं. विज्ञानाच्या नावाखाली. उद्गारचिन्हासकट.

ताईनं डोळे उघडले. "आत्या, त्याले इचारा ना. तो वाचल्याबिगर देत नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती मला वाचवत होती.

"तेच इचारते," सासू म्हणाली. माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, हे पुस्तक तुमी पूरं वाचलं होतं का?"

"नाही वाचलं."

"किती वाचलं?"

"प्रस्तावना. आन चाळीसेक पानं."

सासूनं पुस्तक मिटलं, उठली, आणि एवढ्या चपळाईनं आत गेली की तिची बांगडी दाराच्या चौकटीला आपटली. पेल्यात साखरपाणी कालवून आणलं, ताईला हातानं धरून बसवलं, पाजलं. "पी माय, पी. काही नाही, त्यानं वाचलंच नाही." नंतर भाकरी, वरण, वांग्याची भाजी. ताई खात होती आणि सासू तिच्या हाताकडे बघत होती, थरथर थांबते का ते. थांबली. वीसेक मिनिटांनी ताईच्या तोंडावर रंग आला, आणि तिचं पहिलं वाक्य मला उद्देशून होतं.

"गाढवा, फोनवर काहून नाही सांगतलं?"

उत्तर आहे, पण ते लिहिण्यासारखं नाही: अध्यक्ष ऐकत होते म्हणून.

मला वाटलं, आता मला जेवायला वाढतील. सासूनं चप्पल घातली. "चला."

"कुठी?"

"रविवारी विहारात मी हे पान बायांले वाचून दाखवलं. या गल्लीत आनखी एक पोरगी आहे, आठवा महिना. तिनंबी खाल्लं नसन. मी सांगतलं तं म्हणतीन, काल एक वाचत होती, आज दुसरं सांगते. तुमी सांगा."

चार घरं पुढं गेलो. त्या पोरीचा सासरा ओट्यावर बसला होता, पायावर पाय टाकून. मी सांगितलं की पुस्तक चुकीचं आहे, मी न वाचताच यादीत टाकलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं. अजिबात गेलं नाही. तो म्हातारा मनापासून हसला.

"मंजे तुमी पंफ्लेटवाले बिगर वाचता सांगता? मंग तुमच्यात आन त्या कुंडलीवाल्यात फरक काय?"

"तो कबूल करत नाही," सासू म्हणाली. "याले दोन घंटे लागले, पण केलं."

त्या म्हाताऱ्यानं सुनेला आवाज दिला, "जेव व बाई, त्यायचं पुस्तक फेल झालं." आतून कढईचा आवाज आला, तेव्हाच आम्ही परत फिरलो.

परत आलो तेव्हा ग्रहण लागलं होतं. मी पिशवीतून चष्मे काढले. ताई ओट्यावर आली, हातात उरलेली अर्धी भाकरी. सासूनं चष्मा लावून सूर्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"चावलेल्या भाकरीसारखा दिसून राहिला," ती म्हणाली. मग चष्मा काढून माझ्यासमोर पुस्तक ठेवलं, वर कानावरची पेन्सिल. "बसा. वाचा. चाळीसच्या पुढं. जिथं खोटं आहे तिथं खूण करा, आन कावून खोटं ते बाजूले लिवा. हे पुस्तक फाडून काही होत नाही, दुसरीकडं आनखी असतीनच. मले हे समजून ठेवायचं आहे."

मी वाचलं. ओट्यावरच्या दिव्याखाली बसून, सगळं. वाचताना मला जी चीड आली, ती मी आजपर्यंत कोणत्याही बुवावर लिहिताना आली नव्हती. लेखक खोटं सांगत होता म्हणून नव्हे, ते त्याचं कामच आहे. इतकं उघड खोटं होतं की चाळिसावं पान उलटलं असतं तर त्रेपन्नाव्यालाच कळलं असतं. तेरा पानं. तेवढीही वाचायची मला गरज वाटली नव्हती.

वाचून झाल्यावर तिनं माझी यादी आणली. देवघर नसलेल्या घरात जिथं चांगल्या वस्तू ठेवतात तिथं, भिंतीवरच्या फळीवर, ती घडी करून ठेवलेली होती. एकेक ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाचलं?"

"हो."

"शेवटच्या पानावर काय आहे?"

मी सांगितलं. तिनं खूण केली. "हे?"

"नाही."

तिनं काट मारली. तिचा हात जड नव्हता, पण प्रत्येक काटेला कागद थोडा दबायचा. शेवटी सात उरली. जंतूंवरचं एक. जुने शिलालेख कसे वाचतात ते सांगणारं एक, ज्यातली रिद्धपूरच्या बाजूची दोन पानं वाचून मी स्वतः तिथं जाऊन आलो होतो. माणसं का मानतात यावरचं एक लहानसं, फाटकं. असेच आणखी चार. त्या सातांबद्दल बोलायला लागलो तेव्हा ती मधे मधे वाद घालत होती, मी घालत होतो, आणि ताई म्हणाली, "आता मले झोपू द्या बाप्पा, तुमचं पुस्तक काय ग्रहण आहे, सुटत नाही."

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी म्हटलं, यादीतल्या प्रत्येक पुस्तकापुढं ते शेवटपर्यंत वाचलेल्या माणसाचं नाव टाकायचं. नाव नसेल तर पुस्तक नाही. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर नेला.

"अन् मंग उरतीन किती?"

"सात."

"सातात पत्रक अर्धं रिकामं दिसते रे. लोक म्हणतीन, एवढंच?"

"आठवं तुमी वाचून टाका."

बैठक संपली. ते माझ्याशी आजही नीट बोलत नाहीत. वर्तमानपत्रातला गिल्या वड्याचा फोटो त्यांनी फ्रेम करून लावला आहे. त्यात ते तोंड उघडून वडा खाताना दिसतात आणि मागं माझ्या यादीचा गठ्ठा. पत्रक मी शेवटी माझ्या पैशानं छापलं, एका बाजूचं. सात पुस्तकं, आणि मागची बाजू कोरी. भाचीचं नामकरण झालं तेव्हा प्रत्येक पाहुण्याला एकेक दिलं.

परवा अकोल्यात एका मेळाव्यात दुकान लावून बसलो होतो. पँटशर्टातला एक गृहस्थ आला. एक जाड इतिहासाचं उचललं. "हे कसं आहे?"

"माहीत नाही. वाचलं नाही."

त्यानं माझ्याकडे, हलवायानं जिलेबी कशी आहे ते माहीत नाही म्हटल्यावर बघतात तसं पाहिलं. पुस्तक ठेवलं आणि शेजारच्या दुकानावर गेला. तिथला विक्रेता माझ्या ओळखीचा. कोणतंही पुस्तक त्याला दाखवा, तो डोळे मिटतो आणि 'अप्रतिम' म्हणतो. गृहस्थानं एक उचललं. मुखपृष्ठावर दुर्बीण.

"अप्रतिम," विक्रेता म्हणाला.

मी उठलो. "ते घेऊ नका. ते मी वाचलं आहे. शेवटच्या पानापर्यंत." एकशे अठ्ठ्याहत्तरावं पान उघडून त्याच्यासमोर धरलं. "हे वाचा. मग ठरवा."

त्यानं पानाकडे पाहिलंही नाही. हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, पैसे देऊन पुस्तक रंगीत कागदात बांधायला दिलं. "भाऊ, तुमी उगीच टेन्शन घेता. वाचायले कोण नेते? दोस्ताची वास्तू आहे, भेट द्यायची आहे."

"आन त्या घरात एखादी वाचणारी बाई निघाली तं?"

त्याला वाटलं मी गंमत करतो आहे. विक्रेत्यानं चिकटपट्टी तोडली.